संजीवन सभेच्या आधी सभासदांचं रजिस्टर उघडा

जय ख्रिस्त भाऊ. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गावातली जुनी बॅप्टिस्ट मंडळी, मिशनच्या काळातलं चर्च, रजिस्टरवर नावं शंभराच्या वर पण रविवारी उपासनेला वीस-बावीस माणसं, त्यातही जास्त करून म्हाताऱ्या बाया आणि लहान पोरं. पाळक (म्हणजे मंडळीचे धर्मगुरू) सोडून गेले ते गेलेच, दोन मोठ्या घराण्यांत बोलणं बंद, तरुण मंडळी पुण्याला नाहीतर नागपूरला. आणि डिकन लोकांनी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या सभासदांनी, ठरवलंय की उन्हाळ्याआधी तीन दिवसांची संजीवन सभा, म्हणजे लोकांचा विश्वास परत जागा करायची सभा, घ्यायची, बाहेरचा नावाजलेला वक्ता, साऊंड, मंडप, जेवणं, कमी पडले तर उधार काढायचे. यानं मंडळी परत जिवंत होईल का, असं तुम्ही विचारताय.

माझं सरळ उत्तर, आत्ता घेऊ नका. सभा वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः कितीतरी सभांमधे संदेश दिलेत, विदर्भातल्या छोट्या गावांमधे पाळकी करण्यातच आयुष्य गेलंय. पण थंड पडलेल्या मंडळीत तीन दिवसांची सभा घेतली की काय होतं ते सांगतो. पहिल्या रात्री आजूबाजूच्या सात-आठ मंडळ्यांची माणसं येतात, चर्च भरतं, रडारड होते, हात वर होतात, सगळे म्हणतात प्रभूनं काम केलं. पुढच्या रविवारी परत तेच बावीस लोक, वर डेकोरेशनवाल्याचं बिल, आणि ते कोणी भरायचं यावरून डिकन लोकांत नवीन भांडण.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपली मंडळी बॅप्टिस्ट आहे म्हणजे आपल्याला वरून कोणी बिशप पाळक पाठवणार नाही, कोणी येऊन भांडण मिटवणार नाही, कोणी हिशोब तपासणार नाही. असोसिएशन, म्हणजे आजूबाजूच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचा संघ, सल्ला देईल, फारतर एखादा माणूस पाठवेल, पण निर्णय सभासदांच्या सभेचा. लोक याला आपली अडचण समजतात, मला उलटं वाटतं, कारण गावातल्या वीस माणसांना मंडळी सुधारायची असेल तर कोणाची परवानगी लागत नाही. फक्त मग सभासद म्हणजे नक्की कोण हे ठरलेलं पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी गाडं इथंच अडकलेलं असतं.

म्हणून पहिलं काम, कपाटातलं रजिस्टर काढा. मी पाहिलेली बहुतेक रजिस्टरं सारखीच, लाल कापडी पाठीची लांब वही, सुरुवातीची पानं कोणा मडमबाईच्या सुबक अक्षरात, मग हस्ताक्षर बदलत जातं, मग मधेच बॉलपेन येतो, आणि शेराच्या रकान्यात मयत, पुण्यास, लग्न होऊन गेली, गैरहजर, असं लिहिलेलं आणि काही ठिकाणी नुसती फुली, फुली कशाची ते कोणालाच माहीत नाही. शंभर नावांत पंचवीस-तीस माणसं देवाघरी गेलेली असतात, तेवढीच बाहेरगावी, आणि उरलेल्यांमधले निम्मे गावातच असून येत नाहीत. ही शेवटची निम्मी माणसं म्हणजे तुमचं खरं काम. त्यांच्यासाठी बाहेरचा वक्ता काही करू शकत नाही कारण ते सभेलाही येणार नाहीत, आणि आले तरी मागे उभे राहून जेवून जातील.

दोन-दोन जणांची जोडी करा, एक वडीलधारं एक तरुण, आणि प्रत्येक नावाच्या घरी जा. कापसाच्या वेचणीत दिवसा कोणी सापडत नाही, दिवेलागणीनंतर जा, अंगणात बसा, चहा घ्या. दानाचा विषय काढायचा नाही, "चर्चला का येत नाही" हे तर अजिबात विचारायचं नाही, तो प्रश्न ऐकला की माणूस खोटं बोलायला लागतो, गुडघे दुखतात, शेतात काम असतं वगैरे. त्यापेक्षा विचारायचं की घरात कोणासाठी प्रार्थना करायची आणि मग तिथंच करायची, लांबलचक नाही, दोन मिनिटांची, नावं घेऊन. दुसऱ्या तिसऱ्या भेटीला खरं कारण आपसूक बाहेर पडतं. माझ्या अनुभवात ते कारण देवाशी संबंधित फार क्वचित असतं. पोराच्या लग्नाला मंडळीतून कोणी आलं नाही, मयतीच्या वेळी पाळक वेळेवर पोचले नाहीत, बाईनं उपासनेत आपल्या विश्वासाची साक्ष सांगितली तेव्हा मागच्या बाकावर कोणी हसलं, नाहीतर पैसा.

पैशाचं एक उदाहरण देतो. एका गावात चर्चवर टिनपत्रे टाकायला वर्गणी झाली होती आणि खजिनदारावर कुजबुज सुरू झाली की याने पैसे खाल्ले. तोंडावर कोणी बोललं नाही. खजिनदाराच्या कानावर गेलं, त्यानं यायचं बंद केलं, त्याचे भाऊ बंद झाले, भावांची सासुरवाडी त्याच मंडळीत ती पण बंद, असं करत चार-पाच घरं गेली आणि वर्षानुवर्षं पाळक लोक व्यासपीठावरून "प्रीतीवर" संदेश देत राहिले. शेवटी डिकन लोकांनी त्याच्या ओट्यावर बसून वही उघडायला लावली तेव्हा फरक निघाला तो ट्रकच्या भाड्याचा आणि हमालीचा, ज्याची पावती गावाकडे कोण देतं? मग सभासदांच्या सभेत हिशोब मोठ्यानं वाचला, एका वयस्कर डिकननं उभं राहून सगळ्यांच्या वतीनं माफी मागितली. तो माणूस पुढच्या रविवारी आला. त्याची बायको मात्र नाही आली, तिला अजून बराच काळ लागला, आणि एक भाऊ तर शेवटपर्यंत नाही आला. हे असंच अर्धवट मिटतं, पूर्ण मिटायची वाट पाहत बसू नका.

त्या दिवसापासून मी जिथं जिथं गेलो तिथं एक नियम केला, महिन्याचं अर्पण किती, खर्च कशावर, शिल्लक किती, हे चार्टपेपरवर लिहून चर्चच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायचं, एकशे चाळीस रुपये अर्पण आलं असेल तर एकशे चाळीसच लिहायचं, लाजायचं नाही. संजीवनाशी याचा काय संबंध असं तरुण पाळक मला विचारतात! ज्या मंडळीत एकमेकांवर चोरीचा संशय आहे तिथं पवित्र आत्म्याची गाणी कितीही मोठ्यानं म्हणा.

आता तुमची ती दोन घराणी. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा विधी, महिन्यातून एकदा होतो ना तुमच्याकडे? मत्तय ५:२३-२४ सगळ्यांना पाठ असतं, वेदीपुढे अर्पण ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, पण प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर आणि प्याला वाटला जातो तेव्हा एका घरचा माणूस बरोबर त्याच वेळी "पाणी प्यायला" बाहेर जातो आणि सगळी मंडळी ते बघून न बघितल्यासारखं करते. जुन्या बॅप्टिस्ट मंडळ्यांमधे प्रभुभोजनाच्या आधीच्या शनिवारी तयारीची सभा घ्यायची पद्धत असायची. ती परत चालू करा. संदेश नको, १ करिंथ ११ वाचा, शांत बसा, ज्याला कोणाकडे जायचं असेल त्याला जायला वेळ द्या. आणि डिकननी त्याच आठवड्यात दोन्ही घरी जाऊन सांगावं की या रविवारी तुमची वाट बघतोय. पहिल्या महिन्यात काही होणार नाही, तिसऱ्यात कदाचित होईल. जागेचा वाद कोर्टात असेल तर तो चालू दे, कोर्टात केस असताना पण माणसं एकमेकांना जय ख्रिस्त म्हणू शकतात.

प्रार्थनेचं सांगायचं तर इतिहासातली एक गोष्ट मी नेहमी सांगतो आणि तिचा आपल्याशी सरळ संबंध आहे. इंग्लंडमधे नॉर्थॅम्प्टनशायर भागात १७८० च्या दशकात छोट्या छोट्या बॅप्टिस्ट मंडळ्या होत्या, बऱ्याचशा अगदी मरगळलेल्या, कित्येक पाळक लोक तर पापी माणसाला सुवार्तेचं आमंत्रण द्यावं का नको यावरच वाद घालत बसलेले. १७८४ मधे त्यांच्या असोसिएशनच्या सभेत ओल्नीचे पाळक जॉन सटक्लिफ यांनी ठराव मांडला, काय तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी प्रत्येक मंडळीनं एक तास प्रार्थनेला जमायचं. बस एवढंच. उपास नाही, रात्रभर जागरण नाही, एक तास. आणि ठरावात असंही होतं की फक्त आपल्या मंडळीसाठी मागायचं नाही, दुसऱ्या मंडळ्यांसाठी आणि जगाच्या टोकापर्यंत सुवार्ता जावी म्हणून मागायचं. पुढच्याच वर्षी, १७८५ ला, त्याच भागातल्या मोल्टन नावाच्या खेड्यात एक तरुण आला, पोटासाठी जोडे शिवायचा, शाळा चालवायचा आणि तिथल्या मोडकळीला आलेल्या चर्चमधे संदेश द्यायचा, पगार इतका तुटपुंजा की दोन्ही धंदे केल्याशिवाय चूल पेटत नव्हती. तो विल्यम केरी. आठ वर्षं ती सोमवारची प्रार्थना चालली तेव्हा कुठं २ ऑक्टोबर १७९२ ला केटरिंगला एका विधवा बाईच्या घरी बसून त्यांनी मिशनरी सोसायटी काढली, आणि १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची वर्गणी कबूल झाली. त्याच केरीनं पुढं बंगालमधे श्रीरामपूरला बसून वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठीचं व्याकरण छापलं १८०५ ला, आणि १८११ ला मराठी नवा करार, तो पण मोडी लिपीत. म्हणजे आपल्या भाषेत छापील वचन आलं त्याचा एक धागा खेड्यातल्या पंधरा-वीस माणसांच्या त्या सोमवारच्या एका तासापर्यंत जातो.

लोक म्हणतात आमच्याकडे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनसारखं संजीवन व्हावं. व्हावंच, का नाही. पण केडगावला जून १९०५ मधे जे झालं ते सगळ्यांना माहीत असतं, पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी जानेवारीत मुलींना विचारलं होतं की रोज प्रार्थनेला कोण कोण बसेल आणि सत्तरेक जणी तयार झाल्या होत्या, हा भाग सभांमधे कोणी सांगत नाही. सगळ्यांना जूनची रात्र पाहिजे, जानेवारीची सकाळ नको. आणि नंतर त्या मुली कॅम्पसमधे रडत बसल्या नाहीत, टोळ्या करून आजूबाजूच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या.

तर तुम्ही पण महिन्यातला एक दिवस ठरवा, एक तास, घड्याळ लावून, आणि पहिल्या अर्ध्या तासात स्वतःच्या मंडळीसाठी काहीच मागायचं नाही. शेजारच्या मेथॉडिस्ट मंडळीसाठी मागा, तालुक्यातल्या रोमन कॅथोलिक लोकांसाठी मागा, ग्रामपंचायतीसाठी, ज्यांच्या शेतात बोंडअळी आली त्यांच्यासाठी. करून बघा, वातावरणच बदलतं, कारण आपल्या प्रार्थना सभा बहुतेक वेळा आपलीच गाऱ्हाणी देवाला ऐकवायच्या सभा झालेल्या असतात.

करारपत्राबद्दल. बहुतेक जुन्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचा एक करार असतो, म्हणजे आम्ही एकमेकांशी कसं वागू याचं वचन, तुमचा पण असेल, रजिस्टरच्या पहिल्या पानावर नाहीतर भिंतीवर फ्रेममधे धूळ खात. केरी मोल्टनहून १७८९ ला लेस्टरच्या हार्वे लेन मंडळीत गेला तेव्हा तिथं भांडणं आणि शिस्तीचा पार बोजवारा उडालेला, समजावून झालं, काही होईना, शेवटी १७९० मधे मंडळीच विसर्जित केली आणि ज्यांनी नव्यानं करारावर सही केली त्यांनाच परत सभासद धरलं. हे ऐकून लगेच तसलं काही करायला जाऊ नका हं! गावात लोक त्याचा अर्थ "आम्हाला चर्चमधून काढलं" असा घेतील आणि प्रकरण चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसपर्यंत जाईल. पण त्यातलं चांगलं घ्या. घरभेटी झाल्या, हिशोब लागला, की एक रविवार ठरवा, करार सोप्या मराठीत परत लिहा, आठ-दहा ओळींत, मोठ्यानं वाचा आणि ज्याला मनापासून वाटेल त्यानं पुढं येऊन सही करावी, ज्याला येत नाही त्यानं अंगठा. बाकीच्यांची नावं खोडायची नाहीत, जागा मोकळी ठेवायची.

बाहेरगावी गेलेल्या पोरांचं वाईट वाटणं थांबवा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला सँडी क्रीक म्हणून ठिकाण आहे, १७५५ ला शुबल स्टर्न्स नावाचा पाळक तिथं आला, सोळा माणसांची बॅप्टिस्ट मंडळी, बघता बघता सहाशेच्या वर गेली. मग तिकडं सरकारी करांवरून बंड झालं, १७७१ ला अलामान्सच्या लढाईत बंडवाले हरले, लोक घरदार सोडून पांगले आणि मंडळीत पुढच्या वर्षी चौदाच माणसं उरली. सोळाचे चौदा! आपल्याकडच्या वार्षिक सभेत हा आकडा वाचला असता तर पाळकाला घरी पाठवलं असतं. पण तोपर्यंत सतरा वर्षांत त्या एका मंडळीतून बेचाळीस मंडळ्या निघाल्या होत्या. तुमची चाकणला कंपनीत लागलेली पोरं तिथं कुठल्या चर्चला जातात हे कोणाला माहीत आहे का? फोन करा. जात असतील तर सभासदत्वाचं पत्र देऊन रीतसर त्या मंडळीकडे पाठवा, नाव इथं अडकवून ठेवू नका. जात नसतील तर जवळची मंडळी शोधून द्या, तिथल्या पाळकांशी तुम्ही स्वतः बोला. नाताळला येतात तेव्हा त्यांच्याकडून वर्गणी घ्यायची आणि नाटकात मेंढपाळ करायचं एवढाच संबंध ठेवला तर ती पोरं पाच वर्षांत तुटतात.

संदेश कोण देणार हा प्रश्न पाळक नसताना मोठा वाटतो, तेवढा तो नाही. मार्काचं शुभवर्तमान घ्या, सोळा अध्याय आहेत, दर रविवारी अर्धा अध्याय मोठ्यानं वाचा, वाचणारा आधी घरी चार वेळा वाचून आलेला पाहिजे, आणि मग तीन साधे प्रश्न, इथं येशू काय करतो, लोक काय करतात, मी काय करणार. यूट्यूबवरचा संदेश स्पीकरला लावू नका, त्यानं मंडळी प्रेक्षक होते. तुमच्या त्या म्हाताऱ्या बायांना कमी लेखू नका, मी एक आजी पाहिल्या होत्या, अक्षरओळख नाही पण स्तोत्रं धडाधड पाठ, आणि मार्कातली रक्तस्रावाच्या बाईची गोष्ट त्यांनी ज्या पद्धतीनं उलगडून सांगितली तसं मला बायबल कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. गाण्यांचं पण तसंच, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर आणि पोरांची हिंदी गाणी कीबोर्डवर, दोन्ही ठेवा, फक्त आवाज एवढा नको की शेजारच्या आळीतल्या लोकांना त्रास होईल.

गावातल्या इतर लोकांबद्दल जपून सांगतो. संजीवन म्हणजे धडाधड बाप्तिस्मे असं समजू नका, त्यातही आजकालच्या वातावरणात. १८६७ च्या पहिल्या जानेवारीला आंध्रातल्या ओंगोलला जॉन क्लाउ या अमेरिकन मिशनऱ्यानं आठ सभासदांवर बॅप्टिस्ट मंडळी सुरू केली. पुढं १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला, क्लाउ साहेबांनी बकिंगहॅम कालव्याचं काम कंत्राटावर घेऊन हजारो लोकांना मजुरी दिली, लोक बाप्तिस्मा मागायला लागले आणि त्यांनी काय केलं, बाप्तिस्मे बंदच ठेवले, वर्षाच्या वर, कारण भाकरीसाठी कोणी ख्रिस्ती व्हावं हे त्यांना नको होतं. दुष्काळाचं काम संपल्यावर परत सुरू केले आणि ३ जुलै १८७८ ला एका दिवसात २२२२ लोकांनी बाप्तिस्मा घेतला. आकडा सगळे सांगतात, थांबल्याचं कोणी सांगत नाही. कोणी मनापासून विचारलं तर निदान वर्षभर शिकवा, त्याच्या घरच्यांना माहीत असू द्या, पैशाचा किंवा नोकरीचा शब्द तोंडातून निघता कामा नये.

सभा घ्यायचीच असेल तर करारावर सह्या झाल्यानंतरच्या हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, घ्या, एकच दिवस, वक्ता तालुक्यातलाच. भोपळे, तूर, कोंबड्यांचा लिलाव त्याच दिवशी ठेवा, जेवणाचा खर्च त्यातूनच निघतो आणि लिलावात दोन रुसलेली माणसं एकाच कोंबड्यावर बोली लावताना हसतात, हे मी बघितलंय.

आणि पाळक शोधायची घाई नको, पण शोधायला लागाल तेव्हा एका संदेशावर ठरवू नका. चार रविवार बोलवा, एखाद्या आजाऱ्याच्या घरी सोबत न्या, बघा तिथं ऐकतात किती आणि बोलतात किती. पगार जेवढा देता येईल तेवढाच कबूल करा आणि तो महिन्याच्या महिन्याला द्या, त्यांना शिकवणी घ्यायची असेल, शेती करायची असेल तर अडवू नका. त्यांच्या बायकोला पण एकदा बोलवून पाळकांचं राहायचं क्वार्टर दाखवा, निर्णय बरेचदा तिथंच होतो, म्हणून त्याच्या आधी नळ चालू करून घ्या आणि संडासाला दार बसवा.